ओळीत जी येईल ती

नाव नसलेल्या रक्ताचा मला पहिल्यापासून राग. म्हणजे रक्तावर नाही हो, त्या पद्धतीवर. मी सोलापुरात सरकारी प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. काही वर्षांआड, थंडी सरत आली की वरून पत्र येतं आणि आमच्याकडे ‘सेंटिनल’ सुरू होतं. देशभर ठरवून दिलेल्या दवाखान्यांत पहिल्यांदा तपासायला आलेल्या गरोदर बायकांच्या रक्ताचा, नेहमीच्या तपासण्या करून उरलेला थोडासा भाग बाजूला काढायचा. नळीवरचं नाव काढून टाकायचं, नुसता नंबर चिकटवायचा आणि त्यात एचआयव्ही आहे का ते बघायचं. कुणाला आहे हे शोधायचं नाही, किती जणींना आहे एवढंच मोजायचं. गरोदर बाई काय, कुठल्याही घरातली असते. म्हणून तिच्यावरून सगळ्या जिल्ह्याचा अंदाज येतो, असं त्यामागचं शास्त्र.

शास्त्र मला कळत होतं. पण हातात नळी धरून बसायचं मला होतं ना! फ्लूचं काम किती बरं. पावसाळ्यात आणि थंडीत घशातले स्वॅब येतात गुलाबी पाण्याच्या नळ्यांतून, तोही देशभरच्या पाळतीचाच भाग. पण त्यावर नाव असतं. खोकणाऱ्या माणसाला फोन करून सांगता येतं, बाबा रे, घरी बस, म्हाताऱ्या आईजवळ जाऊ नकोस. सेंटिनलच्या नळीला काय सांगणार, कपाळ?

आमच्या प्रयोगशाळेच्या खाली, तळमजल्यावर, गरोदर बायकांची ओपीडी. तिथल्या इनचार्ज सिस्टरबद्दल मला सांगायचंय. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली बाई. घरात तेलुगू, ओपीडीत मराठी, अक्कलकोटकडच्या बायकांशी कन्नड, आणि रिक्षावाल्याशी भांडायचं झालं की दखनी. आवाज खणखणीत. लहानपणी घरात यंत्रमाग चालायचे, त्यावरून आईला हाक मारायची म्हणजे ओरडावंच लागायचं, असं ती सांगायची. माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी, पण मला ‘काय गं’ म्हणायची आणि मी तिला ‘काय ओ सिस्टर’.

सेंटिनलचा एक नियम फार कडक असतो. बायका निवडायच्या नाहीत. दाराशी ज्या ओळीनं येतील त्या ओळीनं घ्यायच्या, कुणी गाळायची नाही, कुणी मुद्दाम घुसडायची नाही. आता हा नियम कागदावर सगळेच पाळतात. पण हिच्यापाशी तो अंगात भिनलेला. एकदा एका साहेबांची सून ओळीत होती. साहेब स्वतः आत येऊन हळूच म्हणाले, “सिस्टर, हिचं त्या सर्व्हेला कशाला घेता? चांगल्या घरातली आहे.” ही म्हणाली, “साहेब, ओळीत आली का नाही ती? आली. मग झालं की. ओळीत जी येईल ती.” साहेब आल्या पावली बाहेर गेले. मला तर पदरात तोंड घालून हसावं लागलं.

तर एका वर्षीची गोष्ट. सेंटिनल ऐन भरात होतं आणि नेमकी आमच्या दवाखान्यातली समुपदेशक बाळंतपणाच्या रजेवर गेली. हे नीट सांगायला हवं. सेंटिनलमध्ये बिननावाचं रक्त जातं ते वेगळं. त्याशिवाय प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्हीची तपासणी नावानिशी करायचीच असते, तिला समजावून, तिची परवानगी घेऊन. आईला आजार आहे हे वेळेत कळलं तर गोळ्या सुरू करता येतात आणि बाळ त्यातून वाचतं. सगळी धडपड त्यासाठीच. ही नावाची तपासणी आवारातल्या पलीकडच्या खोलीत व्हायची आणि समुपदेशक नसल्यामुळे तिथं बदली बाई अर्धाच दिवस यायची. तिथली ओळ हलायची नाही.

आणि मंद्रूपकडच्या बायकांची एसटी निघायची वेळ झालेली असायची. घरी दुसरं पोर रडतंय, जनावरं दारात बांधलेली, सासू वाट बघतेय. सिस्टरला त्यांची दया आली. तिनं आपल्या खोलीत नेहमीचं रक्त घेतलं आणि म्हणाली, “जा, गाडी चुकेल. ती एक तपासणी पुढच्या खेपेला करू.” ज्यांना घाई त्यांना सोडलं. आमच्याकडची माणसं अशीच आहेत. माणुसकी दाखवायची म्हटली की आधी घड्याळ बघतील ते एसटीचं.

पुढं एका दुपारी मी आणि ती डबा खात बसलो होतो. मी त्या आठवड्याच्या नळ्या नुकत्याच संपवल्या होत्या आणि मनात होतं ते तोंडातून गेलं, “तुमच्या ओपीडीतलं एक पॉझिटिव्ह आलंय बघा यंदा.” ती भाकरी मोडता मोडता थांबली.

“आमच्यातलं?” ती म्हणाली. “अगं, पण आमच्या नावाच्या तपासणीत कुणीच आलेली नाही.”

दोघींच्याही ध्यानात एकदमच आलं. ज्या बायकांची नावानिशी तपासणी झाली होती, त्यात ती नव्हती. म्हणजे ती त्या घाईघाईनं सोडलेल्यांत होती. कुठंतरी एक बाई पोटात बाळ घेऊन फिरत होती, तिला आजार होता, तिला ते माहीत नव्हतं, आणि बाळाला वाचवायच्या गोळ्या आमच्या कपाटात पडून होत्या. सिस्टरनं डबा झाकला. तिचा चेहरा उतरला होता.

मी उतावीळ बाई. म्हटलं, “त्यात काय एवढं? नळ्या ओळीनंच लावलेल्या असतात. कुठल्या दिवशी कोण कितव्या नंबरला आली ते तुमच्या रजिस्टरवर आहे. जुळवलं की पाच मिनिटांत नाव निघेल. कुणाला कळणार आहे?”

ती माझ्यावर अशी उखडली की विचारू नका.

“अजिबात हात लावायचा नाही! नाव काढलं म्हणजे काढलं. आज एकीच्या भल्यासाठी जुळवशील. उद्या कुणीतरी येईल, म्हणेल, लग्न ठरतंय, त्या पोरीचं तेवढं बघा की. परवा कुणी मालक येईल, कामावरच्या बाईचं विचारायला. मग कोण देणार रक्त? एकीचं नाव फुटलं तर पुढच्या खेपेला ओळच राहणार नाही गं.”

“मग बाळ मेलं तरी चालेल का तुम्हाला?” मीही ओरडले. मला खरंच राग आला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिनं झाकलेला डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, “ज्या ज्या बायका मी सोडल्या, त्या सगळ्यांकडे जायचं. सगळ्यांकडे. त्यांची तपासणी राहिलीय हे तर खरंच आहे ना? त्यात लबाडी काय? त्यात जिची असेल तिची निघेल.”

आमच्या डॉक्टरसाहेबांना तिनं जाऊन सांगितलं. आधी स्वतःची चूक सांगितली, मग बेत सांगितला. साहेब म्हणाले, नंबराला हात लावायचा नाही ही अट, बाकी राहिलेलं काम पुरं करणं आपलं कर्तव्यच आहे. बोटाला टोचून करायच्या तपासणीचे किट त्यांनी दिले. आणि सिस्टर म्हणाली, स्कूटी तुझी. झालं! माझ्या रविवारची वाट लागली.

फोनवर काही सांगता यायचं नाही. कारण फोन बाईचा नसतोच, तो नवऱ्याचा नाहीतर सासऱ्याचा. ती एवढंच म्हणायची, “एक रक्ततपासणी राहिलीय, पाठवून द्या.” पुष्कळ जणी आल्या. निम्म्या आल्या नाहीत. कुणी सातव्या महिन्यात माहेरी गेलेली, कुणाच्या घरी फोनच उचलेनात. मग आम्ही मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी तिथल्या दवाखान्यात जाऊन बसलो. गावोगावी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी बाजारातून एकेकीला गाठून आणलं. कुणाच्या पिशवीत वांगी, कुणाच्या कडेवर पोर. सिस्टर प्रत्येकीला आत नेऊन, दार लावून, सगळं नीट समजावून सांगायची आणि मगच सुई लावायची. प्रत्येक वेळी तेच, तितक्याच सावकाश. मी असते तर तिसऱ्या बाईला पाठ म्हटल्यासारखं म्हणून मोकळी झाले असते. प्रत्येकीचं किट मी बघायची आणि प्रत्येक वेळी निघायचं, काही नाही. देवाची कृपा म्हणायचं की काळजी करायची, तेच कळेना.

एक राहिली होती ती मेंढपाळांच्या घरातली. मुक्काम हलता. ज्वारी काढलेल्या रानात मेंढरं बसवत ही माणसं फिरतात, रानाला खत होतं, शेतकरी त्यांना धान्य देतो. आज या शिवारात तर उद्या त्या. मी म्हटलं, “आता हिला कुठं शोधायची?” सिस्टर बाजारात ज्वारी विकायला बसलेल्या माणसांना विचारत सुटली, “मामा, यंदा मेंढरं कुणाच्या रानात बसली?” एकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. शेवटी ढेकळांतून स्कूटी ढकलत आम्ही त्या वाघरापाशी, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीपाशी, पोचलो. आधी कुत्री धावून आली. मी स्कूटीच्या सीटवर उभी राहिले हो, लाज नाही सांगायला. सिस्टरनं कन्नडमध्ये हाक घातली तेव्हा एका म्हातारीनं कुत्र्यांना हाकललं.

ती बाई कोकराला पाजत बसली होती. पोट चांगलं दिसत होतं. सिस्टरला बघून उठून उभी राहिली. “तुमी हितं कशा ओ सिस्टर? माझ्यापायी आलासा व्हय?” तिला इतका आनंद झाला की दवाखान्यातनं कुणी आपल्याला शोधत आलं हेच तिला पुरे होतं. मला मात्र खात्री होती, हीच ती. का, तर उन्हातान्हात, गावोगाव फिरणारी. असा आपला हिशेब. तपासणी झाली. काही नव्हतं. तिनं आम्हाला शेळीच्या दुधाचा चहा पाजला आणि म्हणाली, “बाळतपणाला दवाकान्यात येतो की. तुमी हाय न्हवं तितं?” सिस्टर म्हणाली, “हाय की!”

परत येताना मी म्हटलं, “संपल्या ना आता? बहुतेक ती बाई दुसरीकडे कुठं तरी तपासून घेईल.”

“अजून राहिल्यात,” ती म्हणाली. “ओळीतल्या सगळ्या झाल्या की थांबू.”

राहिलेल्यांत एक शहरातल्याच जुळे सोलापूर भागातली होती. तिला एसटीची घाई नव्हती. तिच्या सासूनं दाराशी रिक्षा उभी करून ठेवली होती आणि त्या दिवशी नुसता त्रागा चालवला होता, म्हणून सुटलेली. फ्लॅट नीटनेटका, दारात रांगोळी, जावई यावेत तसं आमचं स्वागत. सासूबाई म्हणाल्या, “आमचं आता सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांकडे चालू आहे. सगळ्या टेस्ट झाल्यात.” सिस्टरनं फाइल मागितली. एचआयव्हीची ही एक त्यात नव्हती. तिकडच्यांना वाटलं सरकारीत झाली असेल. सिस्टर म्हणाली, “एवढी एक झाल्याशिवाय आमचं कार्ड पुरं होत नाही बघा.” सासूबाईंना कार्ड अपुरं राहणं काही पटेना. दुसऱ्या दिवशी स्वतः सुनेला घेऊन हजर.

सून सिस्टरबरोबर आत गेली आणि सासूबाईंना बाहेर बाकावर माझ्या गळ्यात घातलं. त्यांच्या गुडघ्यांची सगळी कहाणी मी ऐकली. कुठलं तेल, कुठला वैद्य, कुठली सून जिना चढताना हात देत नाही. मध्येच दार किलकिलं झालं आणि सिस्टरनं मला डोळ्यानं वर जा म्हणून खुणावलं. तिच्या हातात नळी होती. नावाची.

बोटाला टोचून केलेल्या तपासणीत आजार दिसला होता, म्हणून खात्रीच्या पुढच्या तपासण्या मीच केल्या. तिन्ही किटवर तेच आलं.

सिस्टरला फोनवर कळवून, सगळं आवरून खाली आले तेव्हा सासूबाईंना कुणीतरी चहा दिला होता आणि त्या निवांत होत्या. आत ती पोरगी भिंतीला पाठ लावून बसली होती. सिस्टरनं तिला सांगून झालं होतं. ती रडत नव्हती. सिस्टरकडे रोखून बघत होती.

“तुम्ही माझ्यासाठीच घरी आलात ना?” ती म्हणाली. “तुम्हाला आधीच माहीत होतं. कुणी सांगितलं? कुणाकुणाला माहीत आहे?”

मला वाटलं, आता सिस्टर नाही म्हणेल. कुणीही तेच म्हणालं असतं. पण ती म्हणाली, “बिननावाच्या रक्तात एकीला आहे एवढं माहीत होतं. कोण ते माहीत नव्हतं. तुझ्या घरी आले तेव्हाही नव्हतं.”

“खोटं बोलताय.”

“हिला विचार,” सिस्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

मी काय सांगणार? मला समजावता येत नाही. मी आपली सुचेल ते सांगत सुटले. मंद्रूपचा बाजार, वांग्याच्या पिशव्या, तो ज्वारीवाला मामा, ढेकळांत रुतलेली स्कूटी, मेंढरांवरच्या बाईची ती मेली कुत्री, मी सीटवर उभी. ती ऐकता ऐकता एकदम हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सिस्टरनं तिला जवळ घेतलं. बऱ्याच वेळानं डोळे पुसत तिनं मला विचारलं, “त्या मेंढरांवरच्या बाईला काही नव्हतं ना?”

“नव्हतं,” मी म्हटलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. आणि मग गोळ्या कधी घ्यायच्या ते विचारलं.

तिचा नवरा आला, तोही तपासला, त्याच्याही गोळ्या सुरू झाल्या. घरी काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते त्या दोघांनी ठरवायचं. सिस्टरनं त्यात एक शब्द घातला नाही. सासूबाईंना आमच्याकडून कधी काही कळलं नाही. त्यांना वाटतं, सुनेला रक्त कमी आहे. बाळ झालं, मुलगा. त्यालाही लगेच औषध सुरू केलं. मग त्याच्या तपासण्या, एकामागून एक. शेवटची दीड वर्षाचा झाल्यावर. त्या दिवशी सिस्टर ओपीडी सोडून वर आली आणि माझ्या टेबलाजवळ उभी राहिली. मी वर न बघता म्हटलं, “काही नाही. स्वच्छ आहे.” ती तशीच वळून खाली गेली. जिन्यात नाक ओढल्याचा आवाज आला मला.

मी तिला कधी तोंडावर सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, डोक्यावर बसेल. पण इतक्या वर्षांत मी शिकलेली माणसं पाहिली, मोठ्या हुद्द्याची पाहिली, भाषणं करणारी तर ढिगानं पाहिली. एक बाई वाचवायची आणि तिचं नावही फोडायचं नाही, म्हणून सगळ्यांच्या दारात जाणारी ही एकच. मला तिचा फार अभिमान वाटतो.

काही महिन्यांनी आम्ही दोघी सात रस्त्यावर फळं घेत होतो. रविवार होता, सिस्टर साध्या साडीत. समोरून ती सून आली. कडेवर मुलगा, बरोबर सोसायटीतल्या दोन शेजारणी, तिघींच्या गप्पा रंगलेल्या. मी ओळखीचं हसणार तोच सिस्टरनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. दवाखान्याबाहेर आपण कुणाला ओळखत नाही, हा तिचा धर्म. ती चिकूच्या ढिगात मान घालून उभी राहिली, जन्मात चिकू पाहिले नव्हते अशी.

त्या तिघी आमच्या अंगावरून पुढे गेल्या. चार पावलांवर ती थांबली. शेजारणींना म्हणाली, “थांबा हं, सँडलचा बेल्ट निघाला वाटतं.” मग मागं वळली आणि गर्दीतल्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं सिस्टरला म्हणाली, “मावशी, जरा धरता का याला?”

सिस्टरनं हात पुसले आणि त्याला घेतलं. त्यानं तिचा चष्मा ओढला. ती त्याला छातीशी धरून उभी राहिली, आणि त्याची आई आमच्यापुढे वाकून कितीतरी वेळ पायाशी काहीतरी करत राहिली. मी खाली बघितलं. तिच्या पायात साध्या रबरी स्लिपर होत्या. त्यांना बेल्ट नसतो.